चौदाव्या बाटलीतला मळ्या

मळ्या नावाचा मासा तुम्ही पाहिला नसेल. तो बाजारात येत नाही. बोटाएवढा, फार तर वीतभर. पाठ काळपट, पोट पांढरं आणि तोंड खालच्या अंगाला. त्या तोंडानं तो दगडाला असा चिकटतो की पाण्याच्या लोंढ्यातही जागचा हलत नाही. आम्ही ओढ्यात उतरून दगडांच्या खालून हात फिरवायचो, बोटाला गुळगुळीत लागलं की तळव्यानं दाबून धरायचा. हळद-मीठ लावून तव्यावर टाकला की काट्यासकट खाता येतो. मी लहानपणापासून तो खात आले होते. त्याच्या पोटात माझी अडीच वर्षांची नोकरी आणि एका शिकलेल्या पोरीचं नशीब असेल, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी पदर तोंडाला लावून हसले असते.

गोष्ट सत्तरच्या पुढच्या दोन-तीन वर्षांतली. माझं सासर लोहगडवाडी, किल्ल्याच्या खाली. माहेर इंद्रायणीच्या खोऱ्यातली, कान्ह्याजवळची एक वस्ती. आता आमच्या वाडीची गंमत अशी, की ती दोन खोऱ्यांच्या मधल्या धारेवर बसलेली. एका अंगाला उतरलं की मळवली, तिकडचं सगळं पाणी इंद्रायणीला. दुसऱ्या अंगाला उतरलं की पवनेचं खोरं. मालक रेल्वेच्या गँगमध्ये, सहा-सहा दिवस घरी नाहीत. घरात मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणायची, त्या मला 'कान्हेकरीण' म्हणायच्या. त्यात माया किती आणि टोमणा किती, हे दिवसादिवसावर असायचं.

एका सकाळी एक मुलगी वाडीत चढून आली. पायांत कॅनव्हासचे बूट, खांद्याला पिशवी, वेणी घट्ट. पुण्याच्या एका कॉलेजात ती माशांवर संशोधन करत होती. कॉलेजनं लोणावळ्यात एका बंगल्याच्या आऊटहाऊसमध्ये दोन खोल्या घेतल्या होत्या, तिथं तिचं काम चाले. तिनं विचारलं, "मळ्या कोण पकडतं इथं?"

आत्यांनी माझ्याकडं बोट केलं. "ही पकडती. दुसरं काय येत न्हाई तिला."

असं माझं काम लागलं. मासे धरून न्यायचे, बाटल्या धुवायच्या, खोल्या झाडायच्या. मी तिला ताई म्हणायला लागले, वयानं ती माझ्याएवढीच होती तरी.

पहिला महिनाभर मला वाटायचं, या पोरीला वेड लागलंय. माशाच्या पाठीचं हरभऱ्याएवढं मांस काढायचं, बर्फावर ठेवून खलायचं, त्या रसात टीपकागदाचे इवले तुकडे भिजवायचे. मग बटाट्याच्या स्टार्चची खळ शिजवायची आणि काचेच्या ताटात थापायची. आपण खरवस करतो ना, तसा थरथरता पांढरा थर. त्यात फट पाडून ते कागद ओळीनं उभे करायचे आणि दोन्ही टोकांना वीज जोडून द्यायची. तापू नये म्हणून वरून बर्फ. तो बर्फ मी भुसा झटकून आणायची. सहा तास झाले की थर चिरायचा आणि त्यावर औषध ओतायचं. बघता बघता त्या कोऱ्या थरावर निळ्या रेघा उमटायच्या. एका माशाची रेघ थोडी पुढं, एकाची थोडी मागं.

"ही कशी उमटली?" मी विचारलं.

ताईनं खुर्ची ओढून मला समोर बसवलं. ते मला अजून आठवतं, कारण तोवर कुणी मला काही समजावून सांगायला खुर्चीवर बसवलं नव्हतं. म्हणाली, "प्रत्येक माशाला त्याच्या आईबापाकडून काही मिळालेलं असतं. त्यातलं काही डोळ्यांना दिसतं, काही नाही. हे न दिसणारं. एकाच्या अंगातला रस विजेनं जरा भरभर पळतो, दुसऱ्याचा रेंगाळतो. इंद्रायणीतले मासे आपसातच पिढ्यान्‌पिढ्या वाढले आणि पवनेतले आपसात, तर दोन्हीकडच्या रेघा वेगळ्या पडतील. दिसायला मासा एकच, पण घराणी दोन."

"मंग ते सोयरीक न्हाई करत व्हय?"

"तेच तर शोधायचंय," ती म्हणाली.

तिचे सर पुण्याला असायचे. त्यांचा या रेघांवर विश्वास नव्हता. माशाचे खवले मोजा, शेपटी मोजा, हे त्यांचं शास्त्र. ताईनं हट्टानं हा विषय घेतला होता. घरी तिच्या वडिलांनी सांगून टाकलं होतं, दोन वर्षं देतो, पदवीचं मार्गाला लागलं तर ठीक, नाहीतर आलेलं स्थळ बघायचं. दीड वर्ष उलटून गेलं होतं. हे ती मला बर्फ फोडता फोडता सांगायची.

आणि मला ती अक्षरं शिकवायची. बाटल्यांना चिठ्ठ्या लावायच्या असत, त्यामुळं आधी आकडे आले, मग इंद्रायणीचा 'इ' आणि पवनेचा 'प'. बाकीची अक्षरं मी स्टेशनच्या पाट्यांवरून आणि चिक्कीच्या पुड्यांवरून जुळवत गेले. पण सुरुवात 'इ' आणि 'प' यांची. आज हे लिहिते आहे ते त्या दोन अक्षरांच्या जिवावर.

माघात ताईनं सांगितलं, "इंद्रायणीकडचे तीस आण, पवनेकडचे तीस. हा शेवटचा मोठा लॉट."

मी माहेरी गेले. भावजयीला घेऊन आमच्या ओढ्याला बांध घातला, पाणी उपसलं, दिवसभर दगड उलथले. सव्वीस मिळाले. वर एक नाही. दुसऱ्या दिवशी किटलीत पाणी आणि मासे घेऊन कान्ह्याला गाडीत बसले आणि मळवलीला उतरले. आत्या पवनेकडचे मासे डब्यात घेऊन फलाटावर उभ्या होत्या. ओल्या पोत्यावर आम्ही दोन्ही ढीग मोजले आणि पुन्हा पाण्यात सोडले. माझे सव्वीस. त्यांचे चौतीस.

आत्या काय सोडतात? "चौतीस. एकटीनं धरले. तुज्या म्हायेरचं पाणी आटलं म्हनायचं."

"आटलं न्हाई, आत्या. थंडीनं दगडाखाली गेलेत."

"माज्यातले दगडावर बसून ऊन घेत व्हते व्हय?"

आता तुम्हाला आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. चार घरच्या बायका मिळून ओढा धरतात, तेव्हा खडकावर मासळीचे वाटे घालतात. चार घरं तर चार वाटे, अगदी सारखे. एखाद्यात कमी दिसलं की दुसऱ्यातून उचलून त्यात टाकायचं. कमी वाटा कुणाच्या दारात जाऊ द्यायचा नाही, तो त्या घराचा अपमान. ही सवय हाताला इतकी लागलेली असते की डोकं विचार करायच्या आधी हात उचलतो.

मळवली ते लोणावळा एकच स्टेशन. पुढच्या गाडीत मी एकटीच दाराशी बसले होते. एका बाजूला किटली, एका बाजूला डबा. एकीत सव्वीस, एकात चौतीस. एक माझ्या माहेरचा वाटा, एक सासरचा. ताईनं तीस सांगितलेले. मी हात घातला आणि डब्यातले चार मासे किटलीत टाकले. तीस आणि तीस. बरं वाटलं मला. खरंच सांगते, इतकं बरं वाटलं की लोणावळा येईपर्यंत मी दारातून बाहेर बघत बसले.

पुढच्या आठवड्यात ताईनं ताटं काढली. पवनेकडच्यांच्या रेघा मागं, नेहमीसारख्या. इंद्रायणीकडच्यांच्या पुढं. आणि मधेच चार मासे, ज्यांची रेघ मागं. त्याआधी दीड वर्षात इंद्रायणीच्या एकाही माशानं मागची रेघ दाखवली नव्हती.

ताईनं ताट धुवून पुन्हा केलं. पुन्हा तेच चार. ती पुण्याला जाऊन सरांना भेटली आणि उतरलेल्या चेहऱ्यानं परत आली. सर म्हणाले होते, एकतर तुझी पद्धत बिनभरवशाची आहे, नाहीतर हे मासे डोंगर ओलांडून इकडंतिकडं जातात आणि तुझी दोन घराणी म्हणजे कल्पना आहे. महिनाअखेरपर्यंत काय ते सांग, नाहीतर विषय सोड.

मला तेव्हाच बोलायला हवं होतं. बोलले नाही. खुर्चीवर बसवून समजावणारं माणूस मला एकच भेटलं होतं, ते तोंड फिरवील याची भीती वाटली.

त्यात वाडीतल्या एका आबांनी भर घातली. ताईनं त्यांना विचारलं, "आबा, मळ्या डोंगर चढतो का हो?"

आबांनी तंबाखू मळत सांगितलं, "चढतो म्हंजे? पावसाळ्यात भिंत चढतो त्यो. माज्या बापानं गडाच्या पायरीवर धरलाय."

"खरंच?"

"बापानं धरला. मी खाल्ला."

झालं. ताईनं वही काढली आणि दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघी धारेवरून हिंडायला लागलो. कुठं पाझर आहे, कुठं ओल टिकते, कुठून मासा या अंगाचा त्या अंगाला जाईल. कातळाशी तोंड नेऊन ती हिरवं शेवाळ बघायची. तिच्या तळव्याला फोड आला तरी थांबेना. तीन दिवस. मी मागून पाण्याची बाटली घेऊन चालत होते आणि मीच किटलीत टाकलेले चार मासे डोंगरावर शोधत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती आमच्या घरी टेकली. आत्यांनी नाचणीची भाकरी आणि ठेचा वाढला. ताई म्हणाली, "मी सरांना लिहून टाकते. मासे ओलांडत असतील. विषय सोडते."

मी ताट सारलं आणि म्हणाले, "ताई, मासे न्हाई वलांडले. मी वलांडवले."

तिला कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं. कमी पडलेले मासे, माहेरचा वाटा, गाडीचं दार. सांगताना तिच्याकडं बघायचं धाडस झालं नाही, भाकरीकडं बघत होते. फक्त किती टाकले तो आकडा तोंडातून निघाला नव्हता.

ताई एकदम म्हणाली, "थांब. किती टाकलेस ते सांगू नकोस अजून." तिनं वही काढली, एक पान उघडलं, ते छातीशी धरलं. "आता सांग."

"चार."

तिनं वही फिरवली. तीस आकड्यांची ओळ होती, चार आकड्यांना लाल गोल. मला आकडे वाचता येत होते. मी मोजले, पुन्हा मोजले.

"अगं, रेघा बरोबर आहेत," ती म्हणाली. "तू टाकलेले चारही रेघांनी ओळखले." आणि ती रडायला लागली, हसता हसता.

आत्यांना इतका वेळ काय चाललंय ते कळत नव्हतं. कळलं तसं त्या सावरून बसल्या. "म्हंजे त्ये चार माजे व्हते व्हय?"

"तुमचेच, मावशी," ताई म्हणाली.

"मंग. पवनेकडची मासळी लपून ऱ्हाते काय." आणि माझ्याकडं वळून, "माज्या डब्यातनं म्हायेर भरलंस, कान्हेकरनी. मला इचारलं असतंस तर आट दिले असते."

ताईनं सरांना जाऊन सांगितलं. सर हसले म्हणे. म्हणाले, "तुझा विषय बुडतोय हे त्या बाईला दिसत होतं. तिनं तुला बरं वाटावं म्हणून सांगितलं नसेल कशावरून?" रागावण्यासारखं काही नव्हतं. मी खरंच तसली बाई होते. बरं वाटावं म्हणून तर मासे हलवले होते.

मग सरांनीच तोडगा काढला. वीस बाटल्या, एक ते वीस आकड्यांच्या. दोन्हीकडचे मासे धरायचे आणि कुठल्या बाटलीत कुठला टाकायचा ते एकाच माणसानं ठरवायचं. त्यानं ते कागदावर लिहून स्वतःजवळ ठेवायचं. ताईनं फक्त रेघा बघून सांगायचं, इंद्रायणी की पवना. आणि कागद सरांच्या समोर उघडून त्यानंच वाचायचा.

"कोण लिहील?" सरांनी विचारलं होतं. कॉलेजात विद्यार्थी होते, कारकून होता. ताईनं माझं नाव सांगितलं.

मी तिला म्हणाले, "ताई, माजं नको. मीच तर घोळ केलाय."

"म्हणूनच," ती म्हणाली. "आता घोळ म्हणजे काय ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

दोन्ही ओढे मी धरले. यावेळी आत्या दोन्हीकडं आल्या, कान्ह्यालाही. माझ्या भावजयीला बांध कसा घालायचा ते शिकवून आल्या, तो वेगळाच किस्सा आहे. बाटल्या भरल्या, कागदावर माझ्या वाकड्या हातानं आकडा आणि पुढं 'इ' किंवा 'प' लिहिलं, वीस वेळा. कागद घडी करून कनवटीला खोचला. ताईचं ताट होईपर्यंत दोन दिवस मी त्या खोल्यांत फक्त झाडायला गेले आणि तिच्याशी माशांचा शब्द बोलले नाही. तीही बोलली नाही.

रविवारी सर आले. उंच, पांढरा बुशशर्ट, कपाळावर चष्मा. ताईनं ताट खिडकीपाशी उजेडात ठेवलं. सर आकडा म्हणत, ती रेघ बघून उत्तर देई, मी कागदावर बघून 'बरोबर' म्हणायची. एक, इंद्रायणी, बरोबर. दोन, पवना, बरोबर. तीन, चार. मी कागद टेबलाच्या कडेला, माझ्याकडं वळवून धरला होता. तेरापर्यंत सगळं जुळलं.

"चौदा."

"इंद्रायणी," ताई म्हणाली.

कागदावर 'प' होता.

मी काही बोलले नाही. किती वेळ, कुणास ठाऊक. बाहेर स्टेशनात इंजिन जोडल्याचा धक्का ऐकू आला तेवढं आठवतं. एक अक्षर होतं. कागद माझ्याच हातात, त्यावर काय आहे ते मलाच माहीत. 'बरोबर' म्हटलं असतं तर ताईचे वीसच्या वीस झाले असते. तेव्हा मला माझा हात डब्यात जाताना दिसला, गाडीच्या दाराशी.

"न्हाई," मी म्हणाले. "ह्यो पवनेकडचा."

सरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "लिहिताना चुकलं असेल तुझं."

"न्हाई, सर. ह्याची शेपटी फाटलेली व्हती. आत्यांनी शेवटी धरला, पवनेकडच्या कातळाखाली. मी बगितलंय."

"मग हिची रेघ चुकली?"

मला राग आला. सरांचा नाही, त्या माशाचा. म्हणाले, "सर, आमच्या मालकांच्या घरात समद्यांचे कान मोटे. आजोबांचे, सासऱ्यांचे, मालकांचे. माज्या धाकट्या दिराचे बारीक हायत. म्हनून त्यो त्या घरचा न्हाई व्हय? पन त्या घरात धा कान बगितले तर आट मोटेच निगतील."

सर हसले, मोठ्यानं, आणि ताईला म्हणाले, "हे तुझ्या प्रबंधात घाल. एकेका माशाचं काही सांगू नकोस. घराण्यात अशा किती रेघा, तशा किती, ते मोज आणि सांग." पुढचे सहाही जुळले. निघताना सर दारात थांबले आणि म्हणाले, "वीसच्या वीस जुळले असते ना, तर मला तुम्हा दोघींचाच संशय आला असता. वर्षभर आणखी मासे आणा. वडिलांशी मी बोलतो."

ते बोलले. ताईला ते वर्ष मिळालं आणि नंतर पदवीही मिळाली. ते वर्षभर मी मासे नेत राहिले. सतरा मिळाले तर सतरा नेले, बाटलीवर सतराच लिहिले. आत्या म्हणायच्या, "किती हलका डबा घिऊन चाललीस." मी म्हणायची, "असू दे."

माझ्या आयुष्यात मला पुष्कळांनी काय काय दिलं, आणि मी सगळ्यांची ऋणी आहे. ताईनं मला अक्षरं दिली, सगळं कळल्यावरही कामावर ठेवलं. त्याबद्दल मी तिला तोंडावर म्हणाले आहे. पण एक गोष्ट तिला कधी सांगितली नाही, ती इथं लिहिते. चौदाव्या बाटलीपाशी मी गप्प झाले, तेव्हा काहीतरी बिनसलंय हे तिला कळलं होतं. तिचं सगळं त्या कागदावर टेकलं होतं. तिनं एकदा जरी माझ्याकडं पाहिलं असतं, तर मी 'बरोबर' म्हणाले असते. तिनं पाहिलं नाही. खिडकीकडं तोंड करून, हात मागं बांधून ती उभी राहिली, आणि मला काय म्हणायचं ते म्हणू दिलं.